‘वाट बंद आहे’ हे सांगण्याची पन्नास वर्षं

पावसानं भिजलेली, झाडं पडलेली किंवा विणीच्या काळात प्राण्यांसाठी सोडायची वाट काही दिवस बंद करणं हे वनखात्यांचं आणि पालिकांचं आता नेहमीचं काम झालं आहे. त्यावरून होणारा वादही नेहमीचाच. प्रशासन म्हणतं, आम्ही फलक लावला होता. माउंटन बाइकवाला म्हणतो, मला दिसला नाही. किंवा दिसला, पण पटला नाही. ‘दिसला नाही’ यावर उपाय निघत गेले. ‘पटला नाही’ याची मुळं मात्र या खेळाच्या जन्माइतकीच जुनी आहेत.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ ही शर्यत पहिल्यांदा झाली. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात काढलेला तो कच्चा रस्ता. सायकली जुन्या, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पॅडल उलटं दाबून लावायचा. एकाच उतारात हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. ‘रिपॅक’ म्हणजे पुन्हा भरणं; शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही माउंटन बाइकिंगची सुरुवात करणारी मंडळी त्याच उतारावर घडली. पुढच्या सात-आठ वर्षांत या सायकली कारखान्यात बनू लागल्या, आणि पायी चालणारे व घोडेस्वार यांच्या सवयीच्या अरुंद वाटांवर अचानक चाकं फिरू लागली.

प्रशासनानं ‘बंद’ हा शब्द माउंटन बाइकवाल्यांसाठी पहिल्यांदा वापरला तो इथे. त्याच मरीनमधल्या माउंट टॅमलपायसच्या अरुंद वाटांवर सायकलींना मनाई झाली. रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली आणि ती पाळली जाते का हे पाहायला रेंजर रडार घेऊन उभे राहू लागले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेनं ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेल्या जंगलांत सायकलला स्पष्ट बंदी घातली. मूळ कायदा १९६४ चा. त्यात यांत्रिक वाहतुकीला मनाई होती, आणि त्या शब्दांत सायकल बसते असा अर्थ आता लावला गेला. १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांतही सायकल रस्ते आणि ठरवून दिलेल्या वाटांपुरतीच उरली.

इथे एक फरक नीट पाहायला हवा. या आदेशांनी वाट बंद झाली नव्हती, सायकलस्वार बंद झाला होता. फलकावर सायकलचं चित्र आणि त्यावर आडवी लाल रेघ. शेजारून माणसं आणि घोडे जातच होते. पुढे चिखलामुळे किंवा पडलेल्या झाडामुळे चार दिवसांसाठी वाट बंद करायची वेळ आली, तेव्हाही बहुतेक ठिकाणी त्याच धाटणीचा फलक लागला. तो वाचणाऱ्याच्या मनात जुना अर्थ होताच: यांना आपण नको आहोत. माझ्या मते पुढचा सगळा तिढा या गल्लतीत आहे. कायमची मनाई आणि तात्पुरती विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी एकाच भाषेत सांगितल्या गेल्या.

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना उभी केली. खुल्या असलेल्या वाटांवरच चालवा, हा तिच्या मूळ नियमावलीतला एक मुख्य नियम. त्यामुळे प्रशासनाला निरोप द्यायला पहिल्यांदाच समोर कुणीतरी मिळालं. फावडी घेऊन वाटा दुरुस्त करणारे स्वयंसेवक ‘इथे सध्या येऊ नका’ असं सांगतात, तेव्हा ते वेगळं ऐकू येतं.

इंग्लंडची गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. तिथे १९६८ च्या कायद्यानं घोडवाटांवर सायकल चालवायचा हक्कच दिला. पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची, एवढी अट. अशी सार्वजनिक हक्काची वाट बंद करायची तर रीतसर आदेश हवा. तात्पुरत्या बंदीसाठी १९८४ चा रस्ते-वाहतूक नियमन कायदा आहे आणि तिची कार्यपद्धती १९९२ च्या नियमांत ठरली. आदेश काढण्यापूर्वी किमान सात दिवस स्थानिक वृत्तपत्रात सूचना आणि जागेवर नोटीस. घोडवाट साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच बंद ठेवता येते. कायद्याच्या दृष्टीनं हे चोख आहे. पण ती नोटीस ज्यानं फाटकाच्या खांबावर पाहिली आहे त्याला तिची अवस्था ठाऊक असते: प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद, आत शिरलेलं पाणी, विरघळलेली शाई, अर्धं पान कलमांच्या आकड्यांचं आणि वाटेचं वर्णन नोंदवहीतल्या क्रमांकानं. त्या वाटेला रायडर ज्या नावानं ओळखतात ते नाव त्यात कुठेच नसतं. वाहणारं नाक आणि चिखलानं माखलेले हातमोजे अशा स्थितीत उभ्या माणसाला त्यातून एवढंच कळायला हवं असतं की पुढे जायचं की नाही, आणि नसेल तर कुठून.

या पद्धतीची खरी परीक्षा २००१ मध्ये झाली. फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुत रोगाची साथ आली. ती आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. स्थानिक प्रशासनांना सरसकट वाटा बंद करायचे अधिकार मिळाले आणि काही दिवसांत देशभरचं मोकळं रान मिटलं. निरोप पोचवण्याच्या दृष्टीनं ही बंदी यशस्वीच म्हणायची, कारण बंदीमागचं कारण एका वाक्यात सांगता येत होतं आणि टीव्हीवर रोज दिसत होतं. अडचण आली ती उघडताना. बंद एका सहीनं झालं होतं, उघडायला महिने लागले. रोग जवळपास नसलेल्या भागांतही फलक तसेच राहिले. गावागावांतल्या खानावळी आणि मुक्कामाच्या जागा ओस पडल्या. पुढे २००७ मध्ये सरे परगण्यात पुन्हा साथ आली तेव्हा बाधित जागेभोवतीच्या मर्यादित पट्ट्यापुरतीच बंदी ठेवली गेली.

रोग आणि चाक यांचा संबंध न्यूझीलंडनं आणखी जवळून पाहिला. कौरी या प्राचीन वृक्षांना मारणारा सूक्ष्मजीव मातीतून पसरतो, म्हणजे बुटाच्या तळव्याला किंवा टायरच्या खाचांना चिकटलेल्या चिमूटभर चिखलातूनही. ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगररांगांत डिसेंबर २०१७ मध्ये ‘ते कावेराउ आ माकी’ या माओरी समाजानं ‘राहुई’, म्हणजे पारंपरिक प्रवेशबंदी, जाहीर केली. तरी लोक जात राहिले, आणि १ मे २०१८ पासून ऑकलंड पालिकेनं तिथलं जंगल अधिकृतपणे बंद केलं. वाटांच्या तोंडाशी बूट आणि चाकं धुण्याच्या जागा उभारल्या गेल्या. ब्रश हातात घेऊन टायर घासताना माणसाला कारण आपोआप कळतं. इतकं स्पष्ट कुठलाच फलक सांगू शकत नाही.

चिखलाच्या बंदीला मात्र असं ठळक कारण दाखवता येत नाही, म्हणून ती पटवणं सगळ्यात कठीण. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं बॉयसी शहर त्यासाठी पाहण्यासारखं आहे. शहर, काउंटी आणि केंद्रीय खाती मिळून ‘रिज टू रिव्हर्स’ या नावानं तिथल्या पायथ्याच्या टेकड्यांवरच्या वाटा सांभाळतात. हिवाळ्यात तिथली माती पहाटे गोठून दगडासारखी असते आणि ऊन चढलं की वरचा दोन बोटं थर लोण्यासारखा होतो. त्यावरून एक चाक गेलं की खोबण पडते. पुढच्या पावसाचं पाणी त्या खोबणीतून वाहतं, ती खोल होते, लोक ती टाळायला कडेनं जातात आणि वाट पसरत जाते. म्हणूनच तिथे तारखेवर बंदी घालण्यापेक्षा एक साधी कसोटी सांगितली जाते: मागे वळून पाहा, आपला माग उमटत असेल तर परत फिरा. तिथल्याच लोअर हल्स गल्च या वाटेवर सम-विषम तारखांनी वाटणी केली आहे, एके दिवशी उतरणाऱ्या सायकली आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे. कोलोरॅडोतल्या बेटॅसो राखीव क्षेत्रात बुधवारी आणि शनिवारी सायकल नाही. हे नियम एकदा वाचून लक्षात राहतात, आणि पायी चालणाऱ्याचाही दिवस ठरलेला असल्यामुळे सायकलस्वाराला एकट्यालाच हाकललं असं वाटत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत निरोपाची जागा फोननं घेतली. ‘ट्रेलफोर्क्स’सारख्या अॅपवर प्रत्येक वाटेची स्थिती रंगात दिसते: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा आणि नारिंगी म्हणजे अडचण, लाल म्हणजे बंद. सोय मोठी आहे, पण एक घोळही आहे. स्कीइंगच्या उतारांवरून आलेल्या खुणांनुसार हिरवा म्हणजे सोपी वाट, निळा मध्यम, काळा अवघड. एकच हिरवा रंग दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. शिवाय नकाशे अनेक, आणि पालिकेनं एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे पोचेलच असं नाही. कित्येक जण आधीच उतरवून घेतलेला नकाशा डोंगरात वापरतात. त्यात कालची बंदी नसते.

म्हणून जागेवरचा फलक संपलेला नाही, आणि संपू नये. जंगलतोडीच्या वेळी तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून लार्च या सूचिपर्णी झाडांवर पसरलेल्या रोगामुळे आणि नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळानंतर सायकलवाटा असलेल्या जंगलांत मोठ्या प्रमाणावर झाडं काढावी लागली. सुट्टीच्या दिवशी यंत्र थांबलेलं असतं, म्हणून रायडर फीत ओलांडून आत जातो. रचलेले ओंडके धक्क्यानं घसरू शकतात आणि अर्धवट कापलेलं झाड वाऱ्यानं कोसळू शकतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फलकावर फक्त ‘प्रवेश बंद’ असतं. ओंडक्यांचं चित्र, बंदी संपण्याची तारीख आणि पर्यायी वाटेचा बाण या तीन गोष्टी त्यावर असल्या, आणि काम संपल्याच्या दिवशी तो फलक कुणी आठवणीनं काढला, तर तिथे लागणाऱ्या पुढच्या फलकाकडे तो रायडर थांबून पाहील.