सीबीएसने मुलाखत का अडवली? ‘द इनसायडर’ची पार्श्वभूमी

मायकेल मान यांच्या ‘द इनसायडर’ या चित्रपटातली (१९९९) मुख्य माणसं खरी आहेत. जेफ्री वायगंड (रसेल क्रो) हे केंटकीतल्या ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीत संशोधन विभागाचे उपाध्यक्ष होते, तर लोवेल बर्गमन (अल पचिनो) सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या वृत्त-कार्यक्रमाचे निर्माते. कंपनी तेव्हा ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या मालकीची. आपल्याकडच्या आयटीसीत सर्वांत मोठा हिस्सा असलेली ती हीच.

वायगंड १९८९ मध्ये रुजू झाले आणि मार्च १९९३ मध्ये त्यांना काढून टाकलं. जाताना गुप्ततेचा करार गळ्यात होताच.

१४ एप्रिल १९९४ रोजी सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितलं की, निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. पुढच्याच महिन्यात ब्राउन अँड विल्यमसनची अंतर्गत कागदपत्रं वृत्तपत्रांत झळकली. आपण निकोटिन हा व्यसन लावणारा पदार्थ विकतो, असं कंपनीच्याच वकिलाने १९६३ मध्ये लिहून ठेवलं होतं! चित्रपट पाहून वाटतं की गुपित वायगंड यांनीच फोडलं. खरं तर कागद आधीच बाहेर आले होते. नव्हता तो वरच्या पदावर काम केलेला, कॅमेऱ्यासमोर बोलणारा जागल्या.

तो मिळाला आणि १९९५ मध्ये मुलाखत झालीही, पण सीबीएसच्या वकिलांनी ती अडवली. बदनामीचा दावा झाला तर ‘आम्ही खरं बोललो’ हा बचाव असतो. इथे धास्ती होती ती वायगंड यांना करार मोडायला भरीस घातल्याच्या दाव्याची, आणि त्यात माहिती जितकी खरी तितकं कंपनीचं नुकसान मोठं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या १० अब्ज डॉलरच्या दाव्यापुढे एबीसी या दुसऱ्या वाहिनीने जाहीर माफी मागितली होती. शिवाय सीबीएस तेव्हा वेस्टिंगहाउस कंपनीला विकली जात होती. डोक्यावर एवढा मोठा दावा कुठल्या विक्रेत्याला परवडेल? त्यात सीबीएसचे प्रमुख लॉरेन्स टिश यांच्या कुटुंबाकडे लोरिलार्ड ही सिगारेट कंपनी होती आणि शपथ घेणाऱ्या त्या सातांत त्यांचा मुलगा अँड्र्यू होता. वकिलांचा सल्ला प्रामाणिक असेलही, पण संशय घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

१२ नोव्हेंबर १९९५ रोजी वायगंड यांची मुलाखत वगळून कार्यक्रम दाखवला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस मिसिसिपी राज्याने तंबाखू कंपन्यांवर भरलेल्या खटल्यात वायगंड यांनी पास्कागूला इथे साक्ष दिली. कंपनीने त्यांची बदनामी करणारं सुमारे ५०० पानांचं बाड तयार करवलं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ते तपासलं तेव्हा अनेक आरोपांना आधारच सापडला नाही. २६ जानेवारी १९९६ रोजी त्याच दैनिकाने साक्षीचा तपशील छापला आणि ४ फेब्रुवारीला सीबीएसने पूर्ण मुलाखत दाखवली. छापून आलेलंच दाखवायला आता कसली भीती!

नोव्हेंबर १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी समझोता केला: २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर. चित्रपट त्यानंतर वर्षभराने आला. त्याला ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. मुलाखत घेणारे माइक वॉलेस मात्र पडद्यावरच्या स्वतःवर नाराज होते. बर्गमन आणि मान यांची ओळख जुनी, त्यामुळे ही कथा बर्गमन यांच्या नजरेतून दिसते. वॉलेस यांच्या तक्रारीत तेवढं तथ्य आहे.