‘कर्व्ह करून आणा’मागची गोष्ट

सांगलीत पत्रिकेची, लेबलची किंवा फ्लेक्सची फाइल घेऊन छपाईवाल्याकडे गेलं की काउंटरवरून तीन प्रश्न येतात. तीनशेला, म्हणजे इंचाला तीनशे पिक्सेल, आहे का? सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत, आहे का? आणि कर्व्ह केलंय ना, म्हणजे अक्षरं मोडून नुसत्या रेषा केल्यात ना? ग्राफिक डिझाइनच्या वर्गात पहिल्याच महिन्यात मुलं हे पाठ करतात, परीक्षेत लिहूनही टाकतात. पण ३००च का, ५०० का नाही, असं विचारलं की वर्ग गप्प. या आकड्यांना आणि शब्दांना वय आहे. त्यातल्या कर्व्हची गोष्ट तर शेजारच्या मिरजेपासूनच सुरू करता येते.

पेशवाईच्या अखेरीस पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी कोरायला शिकवलं गेलं. नाना फडणविसांना गीता छापून हवी होती. १८०० मध्ये नाना गेले, काम अडलं आणि तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला. १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून निघाली. खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, नाहीत; जुळणी नाही. अख्खं पान उलट्या अक्षरांत कोरायचं, म्हणजे मजकुराचं पान हे एक चित्रच.

गंमत अशी की त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, पण सुट्या खिळ्यांनी. तिथे अक्षर उचलता येत होतं, बदलता येत होतं, दुसऱ्या पानावर पुन्हा वापरता येत होतं. एकाच वर्षी मराठी या दोन्ही वाटांनी कागदावर उतरली. पुढे खिळ्यांनी बाजी मारली खरी, पण सहज नाही. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं धरली तर देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, शेकडो खिळे लागत. म्हणून शिळाछापालाही आपल्याकडे बरकत आली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळेवरच. हाताने लिहायचं आणि लिहिलेलं दगडावर उतरवायचं. पुन्हा चित्रच.

आता तीनशे. छपाईयंत्राला राखाडी कळत नाही. शाई लागते किंवा लागत नाही, मधलं काही नाही. मग फोटोतली गालावरची सावली छापायची कशी? ठिपक्यांनी. गडद तिथे मोठे ठिपके, फिकट तिथे बारीक, आणि लांबून पाहताना डोळा ते आपोआप मिसळतो. टाल्बट यांनी १८५२ मध्ये यासाठी जाळीदार कापड वापरून पाहिलं, म्युनिकच्या मायझेनबाख यांनी १८८२ मध्ये हाफटोनचं, म्हणजे या ठिपक्यांच्या छपाईचं, पेटंट घेतलं आणि कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय यांनी या जाळीमागचं गणित मांडून इंग्लंडच्या छपाईविषयक वार्षिकात लेख लिहिले. ठिपक्यांच्या त्या ठशाला आपल्याकडे ब्लॉक म्हणत. आमच्या जिल्ह्यात यासाठी किर्लोस्करवाडीकडे बोट दाखवावं लागतं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या गावातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले. जुना अंक हाती लागला तर भिंग लावून बघा; इंटरनेटवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल.

या ठिपक्यांच्या ओळी इंचाला किती, त्यावर सगळं ठरतं. वर्तमानपत्राच्या कागदाला ८५ ते १०० पुरतात, आर्ट पेपरला साधारण १५०. प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल हवेत असा ठोकताळा पडला आणि १५० दुणे ३०० झाले. तीनशेचं रहस्य एवढंच. प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, काढणारं यंत्र मात्र इंचाला २४०० बिंदू मारतं. २४०० भागिले १५० म्हणजे १६. सोळा बाय सोळाच्या चौकोनात २५६ बिंदू मावतात. कॉम्प्युटरमधल्या आठ बिटांच्या २५६ छटा कागदावर उतरतात त्या या चौकोनातून.

पिक्सेल त्यामानाने कालचा. अमेरिकेत रसेल किर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, १७६ बाय १७६ पिक्सेलचा. पडद्यासाठी सांगतात तो ७२ हा आकडा आला १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरमुळे. छपाईतला पॉइंट इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग, म्हणून पडद्यावरही इंचाला ७२ ठिपके. पुढच्याच वर्षी ३०० ठिपक्यांचा लेसर प्रिंटर आणि पान लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर आले आणि टेबलावर पान लागायला लागलं.

फ्लेक्सला तीनशे मागणारा छपाईवाला भेटला तर त्याला हिशोब करून दाखवावा. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स तीनशेला केला तर सुमारे १०४ कोटी पिक्सेल होतात, सीएमवायकेमध्ये फाइल चार जीबीच्या आसपास. ७२ ला तोच सहा कोटींत बसतो, आणि चौकात वीस फुटांवरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. उलट फोनवरून फिरत आकसलेला १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो त्याच दहा फुटांवर ताणला तर एकेक पिक्सेल जवळजवळ दोन मिलिमीटरचा होतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांच्या नाकाच्या जागी पायऱ्या दिसतात त्या यामुळे.

रंगाचं थोडक्यात. पडदा प्रकाश टाकतो, शाई प्रकाश गिळते. मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंगीत चित्र उभं केलं, ती पडद्याची वाट. कागदावर निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा आणि पिवळा. तिन्ही एकत्र केले तर काळ्याऐवजी मातकट तपकिरी येतो, म्हणून चौथी काळी प्लेट. बाकीच्या प्लेटा जिच्याशी जुळवायच्या ती मुख्य, ‘की’ प्लेट, त्यातला के. म्हणूनच बारीक मजकूर फक्त काळ्यात ठेवतात. चार रंगांत केला आणि प्लेट केसभर हलली की अक्षराला झालर लागते. सांगलीच्या हळदीचा पिवळा चार रंगांत बऱ्यापैकी साधतो. भगवा मात्र दगा देतो. पडद्यावरचा तेजस्वी भगवा पिवळ्यावर मॅजेंटा चढवून येत नाही, विटकरीकडे झुकतो. तयार भगव्या शाईची पाचवी प्लेट घ्या म्हटलं की गिऱ्हाईक खर्च विचारतं आणि विषय तिथेच संपतो.

आणि कर्व्ह. डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायच्या, सुरुवातीच्या काळात मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या २५६ घरांत कोंबलेले होते, आणि कुठल्या घरात कोणतं अक्षर ठेवायचं हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. दुसऱ्या मशीनवर तोच फॉन्ट नसेल तर ‘आमंत्रण’ उघडायचं आणि इंग्रजी कचरा दिसायचा. १९९१ मध्ये युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीने, देवनागरीला ठरलेली घरं दिली, तरी कित्येक सॉफ्टवेअरमध्ये पुढे बरीच वर्षं वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत राहिली. छपाईवाल्यांनी यावर सोपा तोडगा काढला: अक्षरं मोडून रेषा करा. फॉन्टची कटकट गेली. पण आता ते अक्षर उरलं नाही, अक्षराचं चित्र झालं. शोधता येत नाही, सुधारता येत नाही. तांब्याच्या कोरीवकामातही चुकीचं अक्षर सुधारायचं तर तेवढा भाग घासून, पत्रा मागून ठोकून पुन्हा कोरावा लागे.

मी शिकत असताना एका लग्नपत्रिकेची फाइल कर्व्ह करून दिली आणि मूळ फाइल जपून ठेवली नाही. प्लेट निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलीच्या काकांचा फोन आला: ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’वर अनुस्वार नाही. टाइप करून घालावा तर फॉन्ट दुसऱ्याच मशीनवर. शेवटी खालच्या ‘मंगल कार्यालय’मधल्या ‘मं’वरच्या टिंबाची नक्कल केली, वर नेली आणि डोळ्याने अंदाज घेत ‘का’वर बसवली.