फाँतेनब्लोची शाळा: इनसियाड कशी वाढली

१९५७ साली जॉर्ज दोरिओ यांनी दोन ठिकाणी पेरणी केली. अमेरिकेत त्यांच्या गुंतवणूक कंपनीने दोन तरुण इंजिनीअरांच्या कल्पनेवर ७० हजार डॉलर लावले. त्यातून डिजिटल इक्विपमेंट ही संगणक कंपनी उभी राहिली आणि पंधराएक वर्षांत त्या ७० हजारांचे ३५ कोटींहून जास्त डॉलर झाले. व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन लावलेल्या भांडवलाचा इतिहास लिहिणारे याच गोष्टीपासून सुरुवात करतात. दुसरी पेरणी पॅरिसमध्ये झाली. तिच्यातून दोरिओंना एक पैसाही मिळणार नव्हता, आणि पुढे ती आपोआप वाढण्याचीही काही हमी नव्हती. ती म्हणजे इनसियाड. आज आपल्याकडे पाच-सहा वर्षं नोकरी केलेली मुलं ‘एक वर्षाचा एमबीए’ म्हणून जिची चौकशी करतात ती शाळा.

दोरिओ जन्माने पॅरिसचे, १८९९ सालचे. वडील मोटारगाड्यांच्या पहिल्या पिढीतले इंजिनीअर. १९२१ मध्ये मुलगा अमेरिकेत गेला, हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये दाखल झाला, पदवी न घेताच बाहेर पडला, आणि पुढे त्याच शाळेत चाळीस वर्षं शिकवत राहिला. १९४० मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या पुरवठा विभागात ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचले. विद्यार्थी त्यांना शेवटपर्यंत ‘जनरल’च म्हणत. फ्रान्समध्ये व्यवस्थापनाचं शिक्षण रुजवायची खटपट त्यांनी १९३० पासून चालवली होती. पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सला हाताशी धरून त्यांनी तिथे नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी एक केंद्र काढलं होतं. ते चाललंही. पण त्यांच्या डोक्यात होतं ते याहून मोठं.

त्यासाठी काळ अनुकूल व्हायला महायुद्ध संपावं लागलं. युद्धानंतर युरोपला सावरण्यासाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीच्या, म्हणजे मार्शल योजनेच्या काळात युरोपातले कारखानदार, इंजिनीअर, कामगार पुढारी गटागटाने अमेरिकेत जाऊन तिथले कारखाने पाहून येत होते. परतल्यावर त्यांच्या बोलण्यात यंत्रांपेक्षा ती चालवणाऱ्या व्यवस्थापनाचा विषय जास्त असे. फ्रान्समध्ये व्यापार शिकवणाऱ्या शाळा नव्हत्या असं नाही. पॅरिसची एक तर १८१९ पासून चालू होती. पण त्या फ्रेंच होत्या, फ्रेंच मुलांसाठी होत्या, आणि राज्य चालवणारे खरे मानकरी इंजिनीअरिंगच्या नामांकित विद्यालयांतून येत. मग १९५७ च्या मार्चमध्ये रोममध्ये सहा देशांनी सामायिक बाजारपेठेच्या करारावर सह्या केल्या. मालाला सीमा राहणार नाही हे ठरलं. माल विकणारा माणूस मात्र अजून जर्मन, फ्रेंच किंवा इटालियनच होता. दोरिओंना हीच फट दिसली.

प्रत्यक्ष काम केलं ते त्यांच्या दोन फ्रेंच विद्यार्थ्यांनी, क्लोद जान्सेन आणि ओलिव्हिए जिस्कार द’एस्तँ यांनी. दोघेही हार्वर्डहून शिकून आलेले, तिशीच्या आसपासचे. ओलिव्हिए म्हणजे पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हालेरींचे धाकटे भाऊ. ते शाळेचे पहिले संचालक झाले. पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सने पाठबळ दिलं. ‘युरोपियन’ हा शब्द नावातच घातला गेला, आणि त्या लांबलचक फ्रेंच नावाची आद्याक्षरं जोडून इनसियाड हा शब्द तयार झाला. दोरिओ स्वतः अमेरिकेतच राहिले. पत्रं लिहीत राहिले, माणसं जोडून देत राहिले, आणि १९८७ साली वारले.

जागा मिळाली ती पॅरिसपासून साठेक किलोमीटरवर, फाँतेनब्लोच्या राजवाड्यात. ज्या वाड्याच्या अंगणात १८१४ मध्ये नेपोलियनने आपल्या सैनिकांचा निरोप घेतला, तोच हा वाडा. तिथे परक्यांची ये-जा नवी नव्हती. १९२१ पासून अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी संगीताचं विद्यालय तिथे भरत होतं, आणि युद्धानंतर गावात नाटोच्या मध्य युरोप विभागाचं मुख्यालय होतं. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये पहिली तुकडी आली. अभ्यासाला घेतलेली कंपन्यांची बरीचशी प्रकरणं (केस स्टडी) हार्वर्डची, शिकवायची पद्धतही हार्वर्डची: वर्गात व्याख्यान द्यायचं नाही, एका कंपनीची अडचण पुढे टाकायची आणि मुलांना भांडू द्यायचं. फरक होता तो भांडणाऱ्यांच्या निवडीत. अभ्यासाचे छोटे गट शाळा स्वतः पाडायची, आणि मुद्दाम वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं एकत्र बसवायची. युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती. ज्यांच्या घरात गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर लागलेले होते, अशी फ्रेंच आणि जर्मन मुलं रात्री एकाच टेबलावर एका बंद पडलेल्या कारखान्याचा ताळेबंद लावत बसायची. इनसियाडची खरी ओळख मला या टेबलात दिसते. पुढच्या साठ वर्षांत इमारती वाढल्या, देश बदलले, पण गट पाडायची ही रीत तशीच राहिली.

भाषेची अट त्यातूनच आली. सुरुवातीला इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषा यायला हव्यात अशी कडक अपेक्षा होती. वर्गात एक जण फ्रेंचमध्ये बोले, दुसरा इंग्रजीत उत्तर देई. आपल्या गावच्या बाजारात कानडी-मराठी चालते तसंच, फक्त कोट-टाय घालून. पुढे विद्यार्थी युरोपाबाहेरून यायला लागले तशी जर्मनची सक्ती गळाली, इंग्रजी मुख्य भाषा झाली आणि बाकीच्या भाषांना पर्याय मिळाले. मुलींना मात्र थांबावं लागलं. पहिल्या विद्यार्थिनी १९६७ मध्ये आल्या.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा न ठेवता एका वर्षाच्या आत का बसवला, याचं उत्तर तत्त्वज्ञानात शोधू नये. युरोपात येणारा उमेदवार आधीच इंजिनीअर किंवा वकील झालेला असायचा, सक्तीची लष्करी सेवा उरकलेला असायचा. त्याला आणखी दोन वर्षं बिनपगारी बसवणं अवघड होतं. अमेरिकेत दोन वर्षांचाच एमबीए खरा, असं मानलं जात असल्यामुळे ही दहा महिन्यांची पदवी बरीच वर्षं तिकडे नाकं मुरडायचं निमित्त झाली. २०१६ साली फायनान्शियल टाइम्स या दैनिकाच्या जगभरातल्या एमबीएंच्या यादीत इनसियाडचा एमबीए पहिला आला, तेव्हा एका वर्षाचा अभ्यासक्रम त्या जागी पहिल्यांदाच बसत होता. पुढच्या वर्षीही तो तिथेच राहिला, आणि २०२१ मध्ये परत आला. या याद्यांना किती महत्त्व द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पण ज्या गोष्टीला पन्नास वर्षं उणीव म्हटलं, तीच जाहिरातीत आली हे खरं.

पैशाची चणचण हा या शाळेच्या इतिहासातला कायमचा पाहुणा. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला नेसलेने त्याच १९५७ साली आपली व्यवस्थापन शाळा काढली होती. तिच्यामागे कंपनीची तिजोरी होती. हार्वर्डमागे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांची रास. इनसियाड ना सरकारी, ना कुठल्या विद्यापीठाची, ना कुठल्या कंपनीची. फ्रेंच सरकारच्या दृष्टीने ती पुरेशी फ्रेंच नव्हती, आणि बाकीच्या सरकारांच्या दृष्टीने ती फ्रान्समध्ये होती. साठच्या दशकात फोर्ड फाउंडेशनचं साहाय्य आलं. हीच संस्था त्या सुमारास आपल्याकडे अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएमनाही मदत करत होती. फरक एवढाच, की आयआयएमच्या मागे केंद्र सरकार उभं होतं. इनसियाडने दुसरा रस्ता धरला: कंपन्यांच्या चालू अधिकाऱ्यांसाठी काही दिवसांचे, काही आठवड्यांचे अभ्यासक्रम. फी दणदणीत, वसतिगृह-जेवण वेगळं. एमबीएने नाव मिळवून दिलं, पण चूल पेटती ठेवली ती या अभ्यासक्रमांनी.

१९६७ हे वर्ष फाँतेनब्लोच्या दृष्टीने उलथापालथीचं होतं. राष्ट्राध्यक्ष द गॉलने फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढल्यामुळे गावातलं मुख्यालय हललं, गणवेशातले परदेशी गेले. त्याच वर्षी इनसियाड राजवाडा सोडून जंगलाच्या कडेला स्वतःच्या इमारतीत आली. सत्तरच्या दशकात प्राध्यापकांचा कायम वर्ग उभारला गेला. तोवर बरेच जण पाहुणे म्हणूनच यायचे. याच काळात डीन बेरी नावाचे अमेरिकन गृहस्थ डीन, म्हणजे शाळेचे प्रमुख झाले. डीन हे त्यांचं पाळण्यातलं नाव, म्हणजे ‘डीन डीन बेरी’. त्यांच्यानंतर ऑक्सफर्डचे उवे किट्झिंगर आले. १९८९ मध्ये पीएचडी सुरू झाली, आणि संशोधनाशिवाय बिझनेस स्कूलला कुणी मान देत नाही हे शाळेने मान्य केलं.

या काळातलं आपल्या ओळखीचं नाव म्हणजे सुमंत्र घोषाल. इंडियन ऑइलमध्ये नोकरी केलेला हा कोलकात्याचा माणूस १९८५ ते १९९४ इनसियाडमध्ये शिकवत होता. अनेक देशांत पसरलेल्या कंपन्या चालतात कशा, हा त्यांचा विषय. त्यांचं एक भाषण व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून वाजवलं जातं. त्यात ते सांगतात, की उन्हाळ्यात कोलकात्याला गेलो की माणूस दमट हवेने गळून बिछान्यात पडून राहतो, आणि वसंतात फाँतेनब्लोच्या जंगलात गेलो की चालायला निघालेला आपोआप पळायला लागतो. माणूस तोच, हवा वेगळी. कंपन्यांनी माणसं बदलायच्या ऐवजी हवा बदलावी, असं त्यांचं म्हणणं. मुंबईच्या मे महिन्यात ऑफिसला जाणाऱ्या कुणालाही हे पटेल. (कोलकातेकरांना राग आला असेल तो वेगळा.)

आशियाकडे नजर वळली १९८० मध्ये, जपानमध्ये राहून आलेल्या हेन्री-क्लोद द बेतिन्यी यांनी फाँतेनब्लोमध्येच युरो-एशिया केंद्र काढलं तेव्हा. वीस वर्षं ही आशियाची अभ्यासिका युरोपातच राहिली. नव्वदच्या दशकात पोर्तुगीज अर्थतज्ज्ञ अंतोनिओ बोर्जेस डीन असताना प्रश्न थेट विचारला गेला: आशियाविषयी शिकवायचं, की आशियात शिकवायचं? त्याच वेळी सिंगापूरचं आर्थिक विकास मंडळ जगातल्या दहा नामांकित शिक्षणसंस्था दहा वर्षांत आपल्याकडे आणायच्या उद्योगात होतं. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात सगळे पैसे काढून पळत असताना शाळेने उलट दिशेने जायचं ठरवलं, आणि २००० मध्ये सिंगापूरचा परिसर सुरू झाला.

सिंगापूरबाबतचा निर्णय मला सगळ्यांत धाडसी वाटतो, आणि कारण इमारत नाही. त्या काळात परदेशी शाखा काढणं म्हणजे नाव भाड्याने देणं असायचं: पाहुणे प्राध्यापक पंधरा दिवस येणार, शिकवून जाणार, पदवी थोडी कमी वजनाची. इनसियाडने शाखा म्हणायचंच नाकारलं. सिंगापूरमध्ये कायम प्राध्यापक राहणार, पदवी एकच, प्रवेशाची परीक्षा एकच, आणि विद्यार्थ्याने हवं तर अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे काढावं. एखाद्या प्राध्यापकाला फाँतेनब्लोचं जंगल सोडून विषुववृत्ताजवळ राहायला तयार करणं हे काही सोपं काम नव्हतं. त्याच सुमारास शिकागोची बिझनेस स्कूलही सिंगापूरला आली होती. तिने आपला वर्ग काही वर्षांनी हाँगकाँगला हलवला. इनसियाड टिकली, आणि ‘युरोपियन’ या विशेषणाचा अर्थ हळूहळू विरून गेला.

इथे महाराष्ट्राचा एक धागा येतो. त्याच वर्षांत भारतातही एका वर्षाच्या एमबीएची खासगी, जागतिक धाटणीची शाळा काढायचं घाटत होतं. तिची पहिली पसंती मुंबई होती. तेव्हाच्या शिवसेना-भाजप सरकारच्या काळात स्थानिकांसाठी राखीव जागांची मागणी पुढे आली आणि बोलणी फिसकटली. चंद्राबाबू नायडूंनी हैदराबादेत जमीन देऊ केली, आणि २००१ मध्ये इंडियन स्कूल ऑफ बिझनेस गच्चीबावलीला उघडली. तिच्या उभारणीत घोषाल होतेच. स्थानिकांना जागा मागणं चूक होतं असं मी म्हणत नाही, ती मागणी अनेक मराठी घरांतली खरी तक्रार होती. पण सिंगापूरने त्याच वेळी काय दिलं आणि काय मागितलं, हे शेजारी ठेवून पाहिलं की मन थोडं खट्टू होतं.

पुढचा विस्तार भराभर झाला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलशी करार, २००७ मध्ये बीजिंगच्या चिंगहुआ विद्यापीठाबरोबर अधिकाऱ्यांसाठीचा एमबीए, त्याच वर्षी अबुधाबीत केंद्र आणि २०१० मध्ये त्याचा पूर्ण परिसर. २०२० च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत छोटं ठाणं उघडलं आणि लगेच कोरोना आला. अबुधाबी आणि सॅन फ्रान्सिस्को यांची तुलना सिंगापूरशी करता येत नाही. पहिल्याच्या मागे तिथल्या सरकारचा पैसा होता, दुसरं म्हणजे सिलिकॉन व्हॅलीच्या दारात टाकलेली खुर्ची.

एमबीएला आज वर्षातून दोनदा प्रवेश होतो आणि वर्षाला हजाराच्या आसपास मुलं बाहेर पडतात. कुठल्याही एका देशाचं वर्चस्व होऊ नये यावर अजूनही लक्ष असतं, त्यामुळे भारतातून अर्ज करणाऱ्याची खरी स्पर्धा बहुधा दुसऱ्या भारतीयाशीच असते. देणग्यांचं खातं अमेरिकन शाळांच्या मानाने अजून हलकं आहे. २०१८ मध्ये माजी विद्यार्थी आंद्रे हॉफमन यांच्या कुटुंबाने चार कोटी युरो दिले, ती या शाळेच्या इतिहासातली मोठी बातमी होती.

१९९३ पासूनचे डीन पाहिले तर पहिले बोर्जेस, पोर्तुगालचे. नंतर इजिप्तमध्ये जन्मलेले गॅब्रिएल हवाविनी, अमेरिकन फ्रँक ब्राउन, मग २०११ मध्ये आसामातल्या तेजपूरचे दीपक जैन, त्यांच्यामागून बल्गेरियाचे इलियन मिहोव्ह, आणि २०२३ पासून पुन्हा एक पोर्तुगीज, फ्रान्सिस्को व्हेलोसो.