मोरजी : शापोरा नदीच्या तोंडावरचं गाव

मोरजी हे उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. शापोरा नदी जिथे अरबी समुद्राला मिळते तिथे नदीच्या उत्तर काठावर हे वसलंय, समोर दक्षिण काठाला बार्देस तालुका, शापोऱ्याचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची मच्छीमारी जेटी. ग्रामदैवत श्री मोरजाई, आणि गावाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं इथले लोक सांगतात. बाहेरच्यांना मोरजी म्हणजे बीच, पण गाव समजून घ्यायचं असेल तर बीचवरून सुरुवात करू नये, नदीवरून करावी, कारण इथली वाळू, मासळी, मीठ, भात, कासवं सगळंच त्या तोंडाशी येऊन मिळतं.

या नदीला वर महाराष्ट्रात तिळारी म्हणतात. रामघाटाच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावून ती दोडामार्गातून खाली येते, गोव्यात कोलवाळला पोचेपर्यंत चांगली रुंद होते आणि शेवटी शापोरा म्हणून समुद्रात जाते. पेडणे आणि बार्देस तालुक्यांची हद्द हीच नदी. तोंडाशी मोरजीच्या बाजूने वाळूची एक लांब जीभ पाण्यात गेलीय, तिला टेंब म्हणतात आणि तिच्या मागचा वाडा तो टेंबवाडा. नकाशात ही जीभ पक्की दिसते, प्रत्यक्षात ती वर्षभर हलत असते. जूनमध्ये मोठ्या लाटा सुरू झाल्या की किनाऱ्यावरची वाळू ओढली जाऊन आत पाण्याखाली तिचे बांध तयार होतात, आणि चतुर्थी होऊन समुद्र शांत झाला की हळूहळू तीच वाळू परत किनाऱ्याला लागते. त्यात नदीचा पूर, उधाणाला 2 मीटरच्या आसपास चढणारं भरतीचं पाणी, त्यामुळे टेंबाचा आकार एका वर्षीचा दुसऱ्या वर्षी नसतो. तोंडाशी वाळू साचते ती मच्छीमारांची कायमची डोकेदुखी, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी होडी आत आणताना तळ लागला आणि मागून लाट आली तर होडी पलटते.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांच्यावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा. पर्यटक मर्यादवेलीची जांभळी फुलं बघतात आणि रावणाच्या मिशा पायाला टोचल्या की वैतागतात, पण उडणारी वाळू अडवून टेकडी उभी करायचं काम याच दोन वनस्पती करतात, मागून सुरूची झाडं आणि मग माड. टेकडी सपाट केली की मागच्या विहिरींच्या गोड्या पाण्याला आणि माडांना धोका. या टेकड्यांना कुणी पडीक जागा म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण गावाचा समुद्राकडचा बांध तोच आहे आणि तो फुकटात मिळालाय. माडांच्या मागे भातशेती आणि त्याच्याही मागे चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा उंच सपाट सडा, तिथे काजू. एप्रिलमध्ये बोंडांचा वास आणि हुर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची हलकी दारू.

नदीच्या काठाने आत गेलं की आगरवाडा आणि चोपडे, आणि आगर म्हणजे मिठागर हे नावातच आलं. खाऱ्या पाण्याच्या काठची सखल जमीन बांध घालून राखायची, बांधाला लाकडी दाराचं मानस, भरतीला पाणी किती घ्यायचं आणि ओहोटीला किती सोडायचं ते त्या दारावर ठरतं. हीच खाजन जमीन. पावसाळ्यात इथे कोरगूटसारखं खारं पाणी सोसणारं भात, मानसाजवळ जाळं लावून सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि पाऊस सरला की मीठ. मिठाचं काम बघायला मिळालं तर जरूर बघावं, आधी वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा घट्ट करतात, मग पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात असं दाट करत आणतात, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात उन्हाने मिठाची साय धरते ती लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून काठावर रास लावतात. हे मीठ जाडं आणि जरा मळकट असतं, पण लोणच्याला आणि खारवलेल्या मासळीला आमच्याकडे आजही तेच लागतं. बांध एकदा फुटला की भातही गेलं आणि मीठही, आणि बांध दुरुस्त करायला माणसं मिळत नाहीत ही आत्ताची खरी अडचण.

मासेमारीत मोरजीची ओळख म्हणजे रापण. एक होडी जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून वल्हवत आत जाते, अर्धवर्तुळ करून दुसऱ्या जागी परत किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही टोकांना दोन रांगा लावून माणसं जाळं ओढतात. पाय वाळूत रुतवायचे, दोर कमरेला टेकवायचा, मागे मागे जायचं, शेवटचा माणूस दोर सोडून पुढे धावत येऊन परत पाण्याजवळ धरतो, असं तासभर तरी चालतं, दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी पाण्यात चंदेरी खळबळ दिसायला लागते, बहुतेक वेळा तारले नाहीतर बांगडे. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, होडी आणि जाळ्याचा वाटा वेगळा काढतात, उरलेली मासळी तिथेच पाट्यांत भरून बायका विकायला नेतात. या पद्धतीला किनारा मोकळा लागतो, बेड आणि छत्र्या मांडल्या की रापण ओढायची कुठे?

1970 च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी उपसायला लागले तेव्हा गोवाभरच्या रापणकारांनी मोठं आंदोलन केलं, मच्छीमारांचे नेते माथानी साल्ढाणा हे त्यातलं एक ठळक नाव. त्यातून 1980 चा सागरी मासेमारी कायदा आला आणि किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत यांत्रिक मासेमारीला बंदी झाली. पुढे दिव्यांच्या झगमगाटात मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. नियम कागदावर चांगले आहेत, पाळले जात नाहीत ही मच्छीमारांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

टेंबावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गोव्यात अशा मोजक्या जागा आहेत, मोरजी, मांद्रे आणि दक्षिणेला आगोंद, गालजीबाग. साधारण नोव्हेंबर ते मार्च मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी हात घालावा इतका खोल खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू ढकलून अंगाने थापटून घट्ट करते आणि निघून जाते, सकाळी फक्त ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उरतो. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. पिल्लं रात्री समुद्राच्या उजेडाकडे चालतात, म्हणून किनाऱ्यावरचे हॉटेलांचे दिवे त्यांना उलट्या दिशेला नेतात. पूर्वी ही अंडी खाल्ली जायची, विकलीही जायची, हे लपवण्यात अर्थ नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी वनखात्याने गावातल्याच माणसांना बरोबर घेऊन राखण सुरू केली आणि तेव्हापासून घरटी जाळीने कुंपण घालून सांभाळली जातात. अंडी कुठे असतील हे नेमकं ठाऊक असलेले लोकच राखणदार झाले, मला वाटतं ते काम टिकलं ते त्यामुळेच.

पेडणे तालुका पोर्तुगिजांकडे बराच उशिरा, 18 व्या शतकाच्या अखेरीला, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून गेला, नव्या काबिजादीत, म्हणजे देवळं मोडण्याचा काळ सरल्यावर पोर्तुगिजांनी घेतलेल्या मुलखात. म्हणून इथली देवळं जागेवर राहिली आणि मराठीही टिकली. शिवोलीहून येताना पूर्वी फेरीबोट लागायची, शिवोली-चोपडे पूल झाला आणि मोरजी एकदम जवळ आलं. पर्यटनाचा जोर त्यानंतरचा, रशियन लोक इतके यायला लागले की दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत झाल्या. डिसेंबर 2022 मध्ये याच तालुक्यात मोप विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जमिनीचे भाव आणखी चढले. आता खोल्या भाड्याने देणं, स्कूटर देणं, ऑक्टोबर ते मे शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती खानावळ चालवणं यावर बरीच घरं चालतात, आणि त्यात चूक काही नाही, पण ते आठ महिन्यांचं उत्पन्न आहे.

मे महिन्यात शॅक उतरवतात आणि घराघरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची तयारी सुरू होते, सुकी सुंगटं, खारे बांगडे, कोकमं, आगरचं मीठ. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ घातल्याशिवाय बरेच जण होडी पाण्यात ढकलत नाहीत. मग पहिल्या फेरीला एकजण पुढे नाळीवर उभा राहून लांब काठी पाण्यात टोचत जातो, पावसात वाळू कुठे सरकली आणि आता खोल पाणी कुठून आहे ते बघायला.