यशस्विनी कार्ड करायचंय? सोसायटीत जायच्या आधी हे बघून घ्या

यशस्विनी म्हणजे सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीची दवाखान्याच्या खर्चाची योजना. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी भागात दर वर्षी हेच, घरात कुणाचं ऑपरेशन निघालं की माणूस पळत पीकेपीएसमध्ये, म्हणजे गावच्या शेतकरी सोसायटीत, येतो, सेक्रेटरी साहेब यशस्विनी करून द्या की. तेव्हा काय उपयोग नसतो. नोंदणी सरकारनं दिलेल्या मुदतीतच चालते, दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर नाव घालता येत नाही.

योजना कर्नाटक सरकारच्या सहकार खात्याची, म्हणून पहिली अट सभासद असण्याची. पीकेपीएस, दूध डेअरी नाहीतर सहकारी संस्थेला जोडलेला बचत गट, कुठंतरी नाव पाहिजे. महिन्याला ३० हजाराच्या वर पगार असेल तर बसत नाही.

पैसे म्हणाल तर खेड्यातल्या ४ जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५००, पुढं माणशी १००, म्हणजे ६ जणांचं घर ७०० मध्ये होतं, आणि वर्षाला ५ लाखापर्यंतचा उपचार नेटवर्क (योजनेच्या लिस्टीतल्या) दवाखान्यात कॅशलेस. एससी-एसटी सभासदांची वर्गणी सरकार भरतं, त्यांनी जातीचा दाखला जोडायचा. बाकी कागद म्हणजे घरातल्या सगळ्यांचं आधार, रेशन कार्ड, फोटो आणि सभासद नंबर.

खरं घोडं अडतं नावात. आमच्या काकूचं आधारवर लक्ष्मीबाई आणि रेशन कार्डावर कन्नडमध्ये लक्ष्मव्वा, माणूस एकच, पण कॉम्प्युटरला कोण सांगणार! दोन खेपा मारल्या, शेवटी आधी नाव दुरुस्त करून आणा म्हणाले आणि तोवर मुदत गेली. सीमाभागात हे घरोघरी आहे, त्यामुळं कागद आताच काढून शेजारी शेजारी ठेवून बघा. फॉर्म कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर पोराला संगं न्या, अंगठा देऊन मोकळं होऊ नका.

लोक मागं राहतात त्याला दुसरीही कारणं आहेत. २००३ ला सुरू झालेली योजना २०१८ ला बंद करून सरकारच्या आरोग्य कर्नाटक या दुसऱ्या योजनेत मिसळली, परत चालू झाली ती २०२२-२३ ला, मधल्या काळात ज्यांना दवाखान्यातनं परत पाठवलं ते आता कशाला विश्वास ठेवतील? काहीजण म्हणतात वर्षभर कोण आजारी पडलं नाही, पैसे वाया गेले (अरे बाबा, आजारी पडला नाहीस हे वाईट झालं काय!). कुणाचं ऊसबिल आलेलं नसतं. आणि निम्मं सेक्रेटरीवर असतं, तो डेअरीवर सकाळी दूध घालताना ओरडून सांगणारा असला तर अख्खी गल्ली भरती होते, नाहीतर नोटीस बोर्डावर कागद तसाच पिवळा पडतो.

बीपीएलवाले आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बसतात ते ठीक, पण एपीएल कार्डवाल्याला तिथं पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, फक्त ३० टक्केच मिळतात, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. त्या शेतकऱ्यानं तर यशस्विनी सोडूच नये.

एक शेवटचं, आपली माणसं सवयीनं मिरज-कोल्हापूरला जातात. जायच्या आधी तो दवाखाना यशस्विनीच्या लिस्टीत आहे का विचारा, आणि पैसे भरल्याची पावती रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवा, तिजोरीत नको, रात्री दोन वाजता किल्ली सापडत नाही.