मंत्र्याचा राजीनामा : गोव्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

गोव्यात एखाद्या मंत्र्यावर गंभीर आरोप झाला की पहिले दोन दिवस एकच प्रश्न विचारला जातो : मंत्री राजीनामा देणार का? तिसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलतो आणि त्याच्या जागी कोण येणार, कोणत्या तालुक्याला मंत्रिपद मिळणार, कोणता आमदार दिल्लीला जाऊन आला, याची चर्चा सुरू होते. मूळ आरोपाचे काय झाले, हे विचारणारे त्यानंतर फार थोडे उरतात. हे असे का होते, याचे उत्तर राज्यातील राजीनाम्यांच्या इतिहासात सापडते, आणि तो इतिहास जितका वाटतो तितका केवळ सत्तालोभाचा नाही.

त्याची सुरुवात एका मोठ्या राजीनाम्याने झाली आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा, हे ठरवण्यासाठी १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. त्या वेळी सत्तेवर असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा उघड पुरस्कर्ता होता. मुख्यमंत्री स्वतः एका बाजूचे असताना त्यांच्याच प्रशासनाखाली कौल निःपक्षपाती कसा होईल, असा आक्षेप डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने घेतला, आणि डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. १,७२,१९१ मते विलीनीकरणाच्या विरोधात आणि १,३८,१७० मते बाजूने पडली. ज्या गोष्टीसाठी बांदोडकरांनी खुर्ची सोडली, ती गोष्ट ते हरले, आणि तरीही त्यानंतरची निवडणूक जिंकून एप्रिल १९६७ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाच्या बाजूने असलेल्या अनेक मराठी घरांत त्या निकालाची खंत पुढे कित्येक वर्षे राहिली, पण कौल खोटा झाला असे म्हणण्याची वेळ कोणावर आली नाही, याचे श्रेय त्या राजीनाम्याकडेही जाते. निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून संबंधिताने आधी बाजूला व्हावे, हे तत्त्व गोव्याने आपल्या राजकीय आयुष्याच्या चौथ्याच वर्षी प्रत्यक्ष पाहिले होते. पुढील सहा दशकांतील प्रत्येक राजीनामा, आणि न दिलेला प्रत्येक राजीनामा, मला याच मापाने मोजावासा वाटतो.

कायद्याची चौकट अगदी सैल आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो, आणि व्यवहारात ती मर्जी मुख्यमंत्र्यांची असते. मंत्री राजीनामा मुख्यमंत्र्यांकडे देतो, मुख्यमंत्री तो राज्यपालांकडे पाठवतात. मंत्र्याने राजीनामा दिलाच नाही, तर मुख्यमंत्री त्याला वगळण्याची शिफारस करू शकतात. आरोप झाला, गुन्हा नोंद झाला किंवा आरोपपत्र दाखल झाले, म्हणून पद सोडलेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये मनोज नरुला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला, तेव्हा न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांचे आरोप असलेल्यांना मंत्री करू नये अशी अपेक्षा व्यक्त केली आणि निर्णय पंतप्रधान व मुख्यमंत्र्यांच्या विवेकावर सोडला. आमदारकी जाण्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली साधारणपणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा व्हावी लागते. आरोप आणि शिक्षा यांच्यामधल्या प्रदीर्घ काळात सारे काही संकेतांवर चालते.

ते संकेत रुजण्याआधीच गोव्याला अस्थिरतेने ग्रासले. १९९० ते २००० या काळात मुख्यमंत्रिपदाची शपथ दहाहून अधिक वेळा घेतली गेली. १९९० मध्ये चर्चिल आलेमांव यांची कारकीर्द जेमतेम १८ दिवसांची ठरली. अशा काळात राजीनामा हा शब्द पक्षांतराशी जोडला गेला. आमदार मंत्रिपद सोडत असे तो दुसऱ्या मंत्रिमंडळात जाण्यासाठी. घोटाळा आणि राजीनामा यांचा संबंध लोकांच्या मनात तेव्हाच सुटला असावा, असे माझे मत आहे.

त्यानंतर आलेल्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक वेगळे गणित उभे केले. मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांहून अधिक असू नये, पण लहान राज्यांत ती किमान बारा असावी, असा नियम झाला. चाळीस आमदारांच्या गोव्यात मुख्यमंत्र्यांसह बाराच खुर्च्या आहेत. सत्ताधारी बाजूला पंचवीस-तीस आमदार असले तर निम्म्याहून अधिक जण कायम रांगेत असतात. प्रत्येक मतदारसंघ इतका लहान आहे की मंत्री जत्रेत, लग्नात आणि पंचायतीच्या पायरीवर रोज भेटतो, आणि तो गेला म्हणजे आपला रस्ता, आपल्या मुलाची नोकरी गेली असे मतदारांना मनापासून वाटते. म्हणून राजीनाम्याची मागणी झाली की समर्थकांचे जथे मंत्र्याच्या घरासमोर जमतात, तेव्हा त्यांना केवळ अंधभक्त म्हणून सोडून देणे बरोबर नाही. त्यांची भीती व्यवहारातून आलेली आहे.

आघाडी सरकारांच्या काळात हे गणित मंत्र्याच्या बाजूने जाई. दिगंबर कामत यांच्या सरकारमधील पर्यटनमंत्री मिकी पाशेको यांनी जून २०१० मध्ये, एका तरुणीच्या मृत्यूच्या तपासात त्यांचे नाव आल्यावर, राजीनामा दिला. ते राष्ट्रवादी काँग्रेसचे होते आणि त्यांची जागा त्याच पक्षाच्या नीळकंठ हळर्णकर यांना मिळाली. पक्षाचा वाटा शाबूत राहिला. पाशेको २०१२ मध्ये नुवेतून पुन्हा निवडून आले आणि पुढे पुन्हा मंत्रीही झाले. २००६ मध्ये वीज खात्याच्या एका अभियंत्याला थप्पड मारल्याच्या प्रकरणातील सहा महिन्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावर २०१५ च्या वसंतात त्यांना दुसऱ्यांदा मंत्रिपद सोडावे लागले. एकाच व्यक्तीने दोन वेगवेगळ्या सरकारांतून असे दोनदा बाहेर पडावे, ही गोव्यातही विरळा गोष्ट आहे. पण शिक्षा हे दुसऱ्या राजीनाम्याचे कारण होते, आरोप नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते.

राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या आर्थिक आरोपाने मात्र एकही मंत्री पदावरून गेला नाही. बेकायदा खाणकामावरील न्या. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला आणि त्यात सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज होता. पण त्याच वर्षी मार्चमध्ये सत्तांतर होऊन गेले होते. दीर्घकाळ खाण खाते सांभाळलेले कामत तोवर माजी मुख्यमंत्री झाले होते, आणि आरोप त्यांनी नाकारले. लुई बर्जर या अमेरिकी सल्लागार कंपनीने गोव्यातील पाणीपुरवठा प्रकल्पासाठी लाच दिल्याची कबुली जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत दिली, तेव्हाही माजी सार्वजनिक बांधकाममंत्री चर्चिल आलेमांव यांना अटक झाली ती पद गेल्यानंतर तीन वर्षांनी. उघडकीस येण्याचा वेग इतका मंद असला की राजीनामा मागायला समोर कोणी उरत नाही.

डिसेंबर २०२१ हा महिना या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखा आहे. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. नगरविकासमंत्री मिलिंद नाईक यांच्यावर काँग्रेसने एका महिलेच्या लैंगिक शोषणाचा आरोप केला, आणि १५ डिसेंबरला त्यांचा राजीनामा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी स्वीकारला. चौकशी मोकळेपणाने व्हावी म्हणून पद सोडले, असे कारण सांगितले गेले. बांदोडकरांच्या वेळचे तत्त्व अर्ध्या शतकाने पुन्हा उच्चारले गेले होते. त्याच महिन्यात पणजीचे आमदार बाबूश मोन्सेरात यांनी आपल्याच पक्षाच्या सरकारातील सार्वजनिक बांधकाममंत्री दीपक पाऊसकर यांच्यावर नोकरभरतीत सुमारे ७० कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा आरोप केला. पाऊसकर यांनी तो फेटाळला आणि ते मंत्रिपदावर राहिले. चौकशी मोकळेपणाने व्हावी, हे कारण नोकरभरतीला लागू का पडत नव्हते? ज्या तरुणांनी त्या परीक्षा दिल्या होत्या, त्यांना हे उत्तर कोणी दिले नाही. पाऊसकर यांना पुढे उमेदवारी नाकारण्यात आली, ते सावर्डेतून अपक्ष लढले आणि हरले. नाईक यांचाही मुरगावात पराभव झाला. एकाने राजीनामा दिला, दुसऱ्याने दिला नाही, आणि दोघांचाही हिशेब शेवटी मतदारांवर सोडला गेला.

कला अकादमीचे प्रकरण मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी उभारलेली ही वास्तू गोव्याच्या नाट्य आणि संगीत जीवनाचे घर आहे. तिच्या नूतनीकरणाचे ५० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे काम निविदा न काढता दिले गेले. त्यावर विधानसभेत प्रश्न झाला, तेव्हा कला व संस्कृतीमंत्री गोविंद गावडे यांनी ताजमहाल बांधताना शहाजहानने निविदा काढली नव्हती, अशा आशयाचे उत्तर दिले. जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी नव्हते. विरोधकांनी आणि कलाकारांनी राजीनामा मागितला, आंदोलने झाली, गळती आणि ध्वनियंत्रणेच्या तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा कलाकारांचे एक कृतिदल नेमले गेले. २०२४ च्या आरंभी तर खुद्द सभापती रमेश तवडकर यांनी न झालेल्या कार्यक्रमांसाठी त्या खात्याचे अनुदान दिले गेल्याचा आरोप केला. मंत्री पदावर राहिले.

त्यांचे पद गेले ते वेगळ्याच कारणाने. २५ मे २०११ रोजी बाळ्ळी येथे आदिवासी संघटनांच्या ‘उटा’ या आघाडीच्या आंदोलनात दोन आदिवासी तरुणांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मृतिदिनी, मे २०२५ मध्ये फोंडा येथे बोलताना गावडे यांनी आदिवासी कल्याण खात्याच्या कारभारावर जाहीर टीका करून भ्रष्टाचाराकडे बोट दाखवले. ते खाते मुख्यमंत्र्यांकडे होते. १८ जून २०२५ रोजी त्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. छत कोसळल्यानंतर जवळजवळ दोन वर्षे टिकलेले मंत्रिपद एका भाषणानंतर महिन्याभरात गेले. शिस्तभंगासाठी मंत्र्याला काढण्याचा मुख्यमंत्र्यांना पूर्ण अधिकार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गावडे यांनी जो आरोप केला तो खरा की खोटा, हे त्यांच्या जाण्याने ठरले नाही, आणि कला अकादमीबद्दलचे प्रश्नही त्यांच्याबरोबर मंत्रालयातून बाहेर गेले नाहीत.

त्याच जून महिन्यात आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील एका डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर निलंबित करण्याचा आदेश दिला. डॉक्टर संपाच्या तयारीत उतरले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन रोखले, राणे यांनी माफी मागितली आणि ते पदावर राहिले. माफी हा राजीनाम्याला पर्याय असू शकतो, असे मी मानतो, विशेषतः चूक वागण्यातली असेल तर. मात्र कोणत्या चुकीला माफी पुरते आणि कोणत्या चुकीला पद जाते, याचा धडा एकाच महिन्यातील या दोन घटनांतून नागरिकाने काय घ्यायचा, हे कळत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची फेररचना झाली. आलेक्स सिक्वेरा यांनी राजीनामा दिला, आणि २१ ऑगस्टला दिगंबर कामत व सभापतिपद सोडलेले तवडकर यांनी शपथ घेतली. हेच सिक्वेरा नोव्हेंबर २०२३ मध्ये नीलेश काब्राल यांनी राजीनामा देऊन मोकळ्या केलेल्या जागी आले होते. या दोन्ही राजीनाम्यांमागे घोटाळा नव्हता. दिलेला शब्द पाळण्यासाठी जागा हवी होती. सिक्वेरा आणि कामत यांच्यासह काँग्रेसचे आठ आमदार सप्टेंबर २०२२ मध्ये भाजपमध्ये आल्यानंतर सत्ताधाऱ्यांना बहुमताची चिंता उरली नाही, आणि आरोप असलेल्या मंत्र्याला बाजूला करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. सोपे झाले म्हणून ते अधिक वेळा घडले, असे दिसत नाही.

बाहेरून दबाव आणू शकेल अशी संस्था म्हणजे लोकायुक्त. न्या. प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी साडेचार वर्षांत सरकारकडे पाठवलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नसल्याचे जाहीरपणे सांगितले. आरोप सिद्ध झाल्यास संबंधिताने पदावर राहू नये, अशी घोषणा करण्याचा लोकायुक्तांचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने काढून घेण्यात आला. मार्च २०२५ मध्ये माजी मंत्री पांडुरंग मडकईकर यांनी एका मंत्र्याला लाच द्यावी लागली असा दावा केला, पण नाव सांगितले नाही. नाव नसलेल्या मंत्र्याचा राजीनामा कोणी मागायचा, या पेचात ती चर्चा विरून गेली.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाईट क्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला. विरोधकांनी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा मागितला. निलंबनाचे आदेश निघाले ते अधिकाऱ्यांवर.

दरम्यान, २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत १३० वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले आणि ते संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद जावे, अशी त्यात तरतूद आहे. ही कसोटी गोव्याच्या या साऱ्या हकीकतीला लावून पाहिली, तर वर उल्लेख केलेल्यांपैकी पदावर असताना तीस दिवस कोठडीत काढलेला मंत्री एकही नाही.