डिटेक्टर नेमकं मोजतो काय?

गेल्या आठवड्यात आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमधली एक मुलगी वही घेऊन घरी आली. "काका, हे मीच लिहिलंय हो." खारफुटीवरची तिची इंग्रजी असाइनमेंट कॉलेजात डिटेक्टरमध्ये, म्हणजे एआयने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, '८७ टक्के एआय' आलं, मार्क शून्य. वहीत ऐरोलीच्या खाडीकाठी टिपलेल्या नोंदी होत्या, खाडाखोड होती, शेवट दोनदा लिहिलेला होता.

असे अनेक डिटेक्टर मजकूर किती अपेक्षित आहे, ते मोजतात. 'सकाळी ठाणे स्टेशनवर तुफान' यापुढे 'गर्दी' येणार, हे तुम्हीही सांगाल. भाषेचं मॉडेल, म्हणजे भरपूर मजकुरावरून शिकलेला प्रोग्राम, असंच प्रत्येक पुढच्या शब्दाची संभाव्यता काढतं. शब्द जितका अनपेक्षित तितकं आश्चर्य जास्त, आणि ते बिटांत मोजतात: संभाव्यता निम्मी झाली की एक बिट वाढतो. ती १/२ असेल तर आश्चर्य १ बिट, १/१०२४ असेल तर १० बिट. सगळ्या शब्दांच्या बिटांची सरासरी घ्यायची आणि २ चा तेवढा घात करायचा, की मिळते पर्प्लेक्सिटी. सरासरी ३ बिट, तर पर्प्लेक्सिटी ८. म्हणजे दर शब्दाला मॉडेलपुढे जणू ८ सारखेच शक्य पर्याय होते. एआयही बहुतेक वेळा अपेक्षित शब्दच निवडतं, म्हणून हा आकडा लहान आला की शिक्का बसतो: मशीनचं लेखन.

गोम इथेच आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी 'प्लेज अ व्हायटल रोल' लिहिते, कारण गाइडमधून तिने तेच पाठ केलेलं असतं. तिची वाक्यं अपेक्षितच असणार. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ७ डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त मशीनचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच्या डिटेक्टरबद्दल सांगितलं होतं: एआयचा मजकूर २६ टक्के वेळा पकडला जातो, माणसाच्या मजकुरावर ९ टक्के वेळा खोटा ठपका येतो. ६० च्या वर्गात १० जणांनी एआयकडून लिहून घेतलं असेल, तर त्यातले २-३ सापडतील आणि उरलेल्या ५० पैकी ४-५ निर्दोष अडकतील. जुलै २०२३ मध्ये कंपनीने तो डिटेक्टर बंद केला. मंतरलेले तांदूळ चघळायला देऊन चोर ठरवण्याची रीत आपण अंधश्रद्धा म्हणून सोडली. स्क्रीनवरच्या टक्क्यांनाही तोच न्याय लावायला हवा.

साठ-साठ असाइनमेंट तपासणाऱ्या प्राध्यापकांची दमछाक मला कळते. पण एआय कुठे चालेल, कुठे नाही, हे वर्गात आधीच सांगता येतं, आणि शंका आली तर कच्चा मसुदा मागता येतो. या मुलीला दहा मिनिटं समोर बसवून खारफुटीची मुळं चिखलातून वर का येतात, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. वहीच्या तिसऱ्या पानावर त्या मुळांचं पेन्सिलने काढलेलं चित्र आहे आणि बाजूला त्या दिवशीची ओहोटीची वेळ.